रानमोडीची मुदत ठेव

नेऱ्याच्या रस्त्याला आमचा चार गुंठ्यांचा तुकडा आहे. घर बांधायचं म्हणून घेतला, पैशाचं गणित जमेना म्हणून तसाच राहिला. रिकाम्या जागेचं पनवेलच्या पावसात काय होतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. दर मे महिन्यात मी दोन गडी लावून जागा साफ करून घ्यायचो. कोयत्याने सगळं जमिनीलगत छाटायचं, वाळलं की काडी लावायची. मेअखेर जागा अशी मोकळी दिसायची की पोरांनी क्रिकेट खेळावं. जुलैत पुन्हा कमरेएवढं रान, तेही आधीपेक्षा दाट. तीन वर्षं असे पैसे मोजल्यावर शेजारच्या प्लॉटवाल्या काकांनी विचारलं, "तुम्ही तण काढताय की छाटणी करून वाढवताय?"

काकांनी थट्टा केली होती, पण ते बरोबरच बोलले होते. मी पैसे देऊन तण वाढवत होतो.

पान कमावतं, मूळ साठवतं

झाडाच्या घरात कमावतं कोण, तर पान. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते साखर तयार करतं. रोजचा खर्च भागवून उरलेली साखर स्टार्चच्या रूपात बाजूला पडते. आपण खातो त्या बटाट्यात आणि साबुदाण्यात असतो तोच हा स्टार्च. तो कुठे ठेवायचा, याची प्रत्येक झाडाची रीत निराळी. कुणी मुळात ठेवतं, कुणी जमिनीखालच्या गाठीत, आणि जी वर्षभरात मरणारच असतात ती आपली सगळी कमाई बियांच्या नावावर करून जातात.

आपण कोयता चालवतो तेव्हा कमावता माणूस जातो. ठेवीला धक्काही लागत नाही.

आता दाटपणाचं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळस झुपकेदार होते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. फांदीच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारं रसायन. ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना 'तुम्ही झोपा' असं बजावत राहतं. शेंडा गेला की निरोप थांबतो आणि चार-पाच डोळे एकदम जागे होतात. एका खोडाच्या जागी पाच फांद्या. खर्चाला ठेव आहेच.

या नव्या फांद्यांचे पहिले काही आठवडे उधारीचे असतात. कोवळी पानं खातात जास्त, कमावतात कमी. ती पुरती उघडली, गडद झाली की मग घेतलेलं फेडायला लागतात आणि ठेव पुन्हा भरते. म्हणजे मुळाचा खजिना सगळ्यात रिता असतो तो फांद्या फुटून पानं नुकतीच उघडत असतात तेव्हा. घाव घालायचा तर तेव्हा. मी वर्षातून एकदा, मे महिन्यात घालत होतो. पावसाळाभर कमावलेलं सगळं तोवर खाली सुखरूप जमा झालेलं असायचं.

राब भाजतात, मग माझी आग का फुकट गेली?

आग लावायची कल्पना माझी नव्हती. रायगड-ठाण्याचा शेतकरी भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून उन्हाळ्यात राब भाजतोच. त्याने तण कमी होतं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे आणि खरंही आहे. पण राब मारतो ते मातीच्या वरच्या थरातलं बी. माती उष्णता खाली सहजासहजी जाऊ देत नाही. मडक्यात चुलीच्या निखाऱ्याची झळ आत पोचायला किती वेळ लागतो, ते आठवा. दोन-चार बोटांखाली आग जवळजवळ पोचतच नाही.

आणि माझ्या प्लॉटवरचा मुख्य भाडेकरू बरोबर तिथेच राहत होता. रानमोडी.

कर्नाळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जानेवारीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात, ती ही. पान त्रिकोणी, दातेरी, देठापासून तीन ठळक शिरा फुटलेल्या. चुरडलं की उग्र वास. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात ती आली आणि तिथून सुटली. नाव आपल्या लोकांनी नेमकं ठेवलं आहे. ती रान मोडते. बी कापसाच्या तंतूला लटकून वाऱ्यावर जातं, आणि मुळाच्या माथ्यावर, जमिनीत जरा खाली, डोळ्यांचा एक गठ्ठा असतो. वरचं सगळं जळालं तरी तो गठ्ठा शाबूत. उलट आग लागल्यावर शेजारची देशी रोपटी मरतात, सावली जाते, राख मिळते. रानमोडीला याहून चांगली मशागत कोण करून देणार! वाळलेली रानमोडी भडकून पेटते, त्यामुळे दर वर्षीची आग आदल्या वर्षीपेक्षा मोठी. ती स्वतःच आपलं शेत भाजून घेते म्हटलं तरी चालेल.

घाणेरीचंही असंच. तिला कुणी टणटणी म्हणतं. ती १८०९ च्या सुमारास बागेची शोभा म्हणून कोलकात्यात आणली गेली. फळं खाऊन बुलबुल तिचं बी कुंपणाकुंपणाने पेरतात. कॉर्बेटच्या जंगलात घाणेरीने कुरणं गिळायला सुरुवात केली, तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी एक साधा उपाय बसवला. झुडूप ओढायचं नाही, पूर्ण खणायचंही नाही. कुदळीने जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या मानेच्या खाली, मूळ तोडायचं. फुटवे येतात ते त्या मानेतून. खालच्या नुसत्या मुळाला डोळे नसतात, ते कुजून जातं. आणि तोडलेलं झुडूप तिथेच उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा जमीन धरत नाही. यात औषध नाही, यंत्र नाही. घाव चार बोटं वर पडला की छाटणी, चार बोटं खाली पडला की शेवट.

रानमोडीला मी हेच केलं, फक्त महिना बदलला. मेऐवजी ऑगस्ट. माती ओली असते, माथा सुटून हातात येतो, आणि फुलं यायला अजून तीन-चार महिने असतात.

लव्हाळ्याची माळ

खणून काढणं हा मात्र सगळ्यांवरचा उपाय नाही. प्लॉटच्या एका कोपऱ्यात, बोअरवेलच्या बाजूला, लव्हाळा आहे. तो परका नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आयुर्वेदात ज्याला मुस्ता म्हणतात ती याचीच गाठ, आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच्याच भावकीतला. तण म्हणून त्याची कीर्ती जगभर आहे. जगातल्या वाईट तणांची जी यादी तज्ज्ञांनी १९७७ मध्ये पुस्तकरूपाने काढली, तिच्यात पहिला मान लव्हाळ्याला आहे.

जमिनीखाली त्याच्या गाठी एकीला एक जोडून माळेसारख्या असतात. माळ अखंड असताना टोकाची गाठ उगवते आणि मागच्या बहुतेक झोपलेल्या राहतात. तुळशीच्या शेंड्याचीच हुकूमत, जमिनीखाली. आपण कुदळ मारतो, माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते. मी हौसेने पॉवर टिलर फिरवून घेतला होता. त्यानंतर त्या कोपऱ्यात जे उगवलं त्याला तण म्हणवत नाही, लॉन म्हणावं लागेल. प्लास्टिक अंथरलं तर सुईसारखी टोकं ते भोसकून वर येतात. लव्हाळा भितो तो फक्त सावलीला. त्याच्यावर दाट पाल्याचं काही वाढलं तर तो मागे हटतो, तोही हळूहळू.

बियांच्या नावावर केलेली मालमत्ता

गाजरगवताची गोष्ट उलटी. मुळात काही ठेवायचं नाही, सगळं बियांत. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर, आणि एका झाडाला १५,००० ते २५,००० बिया. वर्षात तीन-चार पिढ्या सहज. उपटायला एवढं सोपं तण दुसरं नसेल, पण फुलल्यावर उपटलं तर आपण फक्त रिकामं खोकं उचललेलं असतं.

हे आपल्याकडचंच म्हणावं इतकं आपलं झालं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना ते १९५५ मध्ये पुण्यात दिसलं आणि १९५६ मध्ये त्यांनी नोंद प्रसिद्ध केली. 'पी. एल. ४८० च्या गव्हातून आलं' असं लहानपणापासून ऐकतो. काँग्रेस गवत हे नावही लोक त्याच राजकारणाला जोडतात. पण त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातलं गवत दिसल्यानंतर. अमेरिकन गहू त्याआधीही येत होता, १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं गव्हासाठीचं कर्ज मिळालं होतं. त्यामुळे गव्हावरचा संशय राहतो, पण पी. एल. ४८० वरचा आरोप तारखेतच अडकतो. सत्तरच्या दशकात पुण्यात त्वचेच्या रोग्यांची रीघ लागली, तेव्हा या गवतातलं पार्थेनिन हे रसायन त्याच्या मुळाशी निघालं. म्हणून ते उघड्या हाताने उपटू नये. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर.

मातीत खोल गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरच्या थरातलं उगवतं किंवा मरतं. म्हणून जेसीबीने खरवडलेल्या प्लॉटवर पहिल्या पावसात हिरवा गालिचा येतो. ती नवी आवक नसते. यंत्राने खालच्या जुन्या ठेवी उकरून वर आणलेल्या असतात.

[चौकट]
कुणाची तिजोरी कुठे?
रानमोडी, घाणेरी: मुळाच्या मानेत. पावसाळ्यात मानेखाली तोडा, उलटं ठेवा. जाळू नका.
लव्हाळा: गाठींच्या माळेत. नांगरू नका, सावली करा.
गाजरगवत: बियांत. फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा. फुलण्याआधीचं खत करता येतं, फुलल्यानंतरचं नाही.
वेडेलिया: खोडाच्या प्रत्येक पेऱ्यात. वेचून काढा, तुकडे कचऱ्यात मोकळे टाकू नका.

पैसे देऊन लावलेलं तण

चौकटीतलं शेवटचं नाव वाचून काही सोसायट्यांचे सेक्रेटरी दचकतील. नवीन पनवेल, खांदा कॉलनीत कडेच्या पट्ट्यात हिरवागार, चकचकीत पानांचा आणि पिवळ्या फुलांचा गालिचा असतो, तो नर्सरीवाले 'वेडेलिया' म्हणून देतात. मूळ मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. जगातल्या शंभर घातक परक्या सजीवांच्या प्रसिद्ध यादीत याचं नाव आहे. बियांच्या भानगडीत ते फारसं पडत नाही. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं. माळी कात्री चालवतो, कात्रण नाल्यात जातं, नाला गाढी नदीला मिळतो. पुढचं काम पाणी करतं.

चुक्याचा जपानी भाऊ

माझी एक भाची इंग्लंडमध्ये घर घेत होती. फोनवर म्हणाली, "मामा, विकणाऱ्याने भरून द्यायच्या फॉर्मात एका झाडाबद्दल वेगळा प्रश्न आहे. असेल तर बँक कर्जाला नाकं मुरडते." झाडाचं नाव जपानी नॉटवीड. पेरे असलेली, बांबूसारखी पोकळ खोडं, आणि कूळ आपल्या चुक्याचं. जपानात त्याला इतादोरी म्हणतात, कोवळे कोंब आंबट लागतात आणि काही भागांत लोक भाजी करून खातात.

ते युरोपात नेलं फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड या डॉक्टराने. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत त्याच्या लायडनच्या नर्सरीतून ते विकलं जाऊ लागलं. १८४७ मध्ये उत्रेख्तच्या उद्यानसंस्थेने त्या वर्षीची सर्वांत लक्षवेधी शोभेची वनस्पती म्हणून त्याला सुवर्णपदक दिलं. १८५० मध्ये एक नमुना लंडनच्या क्यू उद्यानात पोचला. पुढची गंमत अशी की ब्रिटनमधली ही सगळी झाडं मादी आहेत आणि जनुकांनी एकच. म्हणजे देशभर पसरलेलं हे एकाच झाडाचं शरीर आहे, तुकड्या-तुकड्यांत. बी नाही, तरी एवढा पसारा. कारण जमिनीखालच्या खोडाचा नखाएवढा तुकडा पुरतो. आणि हे तुकडे वाहून नेले बांधकामाच्या मातीने.

तिथल्या कायद्याने १९८१ पासून ते रानात लावणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. अंगणात असणं गुन्हा नाही. पण शेजाऱ्याकडे गेलं तर? वेल्समधल्या दोन घरमालकांनी रेल्वेच्या कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. घराचा पाया फोडतं ही त्याची ख्याती मात्र बरीचशी फुगवलेली आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की इमारतींना अनेक साध्या झाडांपासून याहून जास्त धोका असतो. आपण पनवेलकर हे न अभ्यास करता सांगू. ड्रेनेज पाइपाच्या सांध्यात कावळ्याच्या कृपेने उगवलेला पिंपळ तिसऱ्या वर्षी प्लास्टर उचलतो, आणि वरची फांदी तोडून त्याचं काही बिघडत नाही. कारण तेच. तिजोरी भिंतीच्या आत.

नॉटवीडवर औषध कधी मारायचं, याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. आंतरप्रवाही तणनाशक, म्हणजे पानावर पडून आतून प्रवास करणारं, साखरेच्याच वाहनात बसून खाली जातं. वसंतात साखर वर चाललेली असते. तेव्हा फवारलं तर औषध पानातच राहतं, पानं करपतात, आपण खूश होतो आणि मूळ जिवंत. उन्हाळा सरताना झाड खाली भरणा करायला लागतं, तेव्हा फवारलं तर औषध थेट तिजोरीत. वेल्समधल्या स्वानसी विद्यापीठाच्या प्रयोगांत हीच वेळ सरस ठरली. तरीही तीन वर्षांत एकाही पद्धतीने पूर्ण नायनाट झाला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

आपल्याकडे हेच गणित रानमोडीला लावलं तर फवारणीचा महिना सप्टेंबर-ऑक्टोबर निघतो. पण ग्लायफोसेटचा डबा आणून घरच्या घरी फवारावं असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच वापरायचं असं ठरवलं होतं, आणि विहीर-बोअरवेलच्या शेजारी तर नकोच. मिठाचं पाणी ओतायचा सल्ला देणारेही भेटतात. पानं करपतात खरी. पण खाडीचं पाणी शिरलेल्या जमिनीचं काय होतं ते या तालुक्यात पाहायला लांब जावं लागत नाही. अंगणाचा खारपाट करून तण घालवणं म्हणजे ढेकणासाठी गादी जाळणं.

भराव येतो, सोबत काय येतं

ब्रिटनमध्ये नॉटवीड मिसळलेली माती कुठेही टाकता येत नाही, ती नियंत्रित कचऱ्यात मोडते. पनवेलमध्ये सगळ्यात जास्त प्रवास कोण करतं, तर माती. खाडीकाठचा सखल मुलूख, बांधायचं तर आधी भराव. डंपरने मुरूम येतो, कुठल्याशा डोंगराचा पायथा येतो, आणि त्याबरोबर रानमोडीचे माथे, लव्हाळ्याच्या गाठी, गाजरगवताचं बी. टायरांच्या खाचांतून तर रोजच. महापालिका, सिडको, बिल्डर यांच्या हद्दी त्या बियांना ठाऊक नसतात. भराव घेताना रेती-मुरमाचा भाव आपण काटेकोर विचारतो, तो कुठून उचलला हे विचारत नाही. पृष्ठभागावरची, मुळंबिळं असलेली माती भरावाला घ्यायची नाही एवढं जरी ठरवलं तरी पुढच्या पाच वर्षांची मजुरी वाचते.

आणि मोकळी जमीन मोकळी ठेवायची नाही. रिकामी खुर्ची दिसली की बसणारा येतोच, मग आपल्या पसंतीचा बसवावा. गाजरगवताच्या जागी टाकळा फेकायचा सल्ला शेतीतज्ज्ञ बरीच वर्षं देत आले आहेत. दोघं एकाच पावसात उगवतात, पण टाकळा दाट येतो आणि आधी सावली धरतो. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगाही पावसाळ्यात गाजरगवत फस्त करतो. पाऊस सरला की तो मातीत जाऊन झोपतो, तेवढा मात्र भरवसा कमी.

मी जूनच्या पहिल्या सरीला टाकळ्याचं दोन किलो बी फेकलं. त्याआधी मे महिन्यात वरच्या थराला पाणी मारून पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आत शिरून मातीला भट्टी करायला हवं. जुलैत टाकळा गुडघ्याएवढा आला. कोवळा होता तोवर शेजारच्या काकूंनी दोनदा भाजीला नेला. ऑगस्टमध्ये त्यातून डोकं वर काढणाऱ्या रानमोडीचे माथे मोजून काढले. पहिल्या वर्षी एकशे चाळीस, दुसऱ्या वर्षी बत्तीस, यंदा सात. पलीकडच्या प्लॉटवरून वाऱ्यावर येणारं बी मी थांबवू शकत नाही, म्हणून शून्य होईल असं वाटत नाही. बोअरवेलजवळचा लव्हाळा जिथल्या तिथे आहे. त्याच्यावर यंदा रताळ्याचे वेल सोडले आहेत. काका रोज संध्याकाळी येऊन बघतात, कोण कोणाला खातं ते.